नाव गुप्त, पत्ता उघड : मद्यासक्तांच्या परस्परसाहाय्य-सभांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

मद्यपानाच्या सामाजिक इतिहासावर जे लेखन झाले आहे त्याचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्यात अबकारी उत्पन्नाचा व दारूबंदीच्या कायद्यांचा इतिहास येतो, दुसऱ्यात नीतिवादी व संयमवादी चळवळींचा आणि तिसऱ्यात वैद्यकीय उपचारांचा. ह्या तिन्ही वर्गांत मद्यासक्त मनुष्य बहुधा कर्म म्हणून येतो, कर्ता म्हणून येत नाही. त्याला कोणी शासन करतो, कोणी उपदेश करतो, कोणी औषध देतो. स्वतः मद्याच्या पाशात सापडलेल्या माणसांनी एकत्र बसून परस्परांना सावरण्याचा जो उद्योग इसवी सन १८४० पासून निरनिराळ्या देशांत केला, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. त्या उद्योगाचा समग्र इतिहास सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यातील एकाच व्यावहारिक प्रश्नाचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. तो असा की, ज्याला दारू सोडावयाची आहे त्याला आपल्या गावात वा पेठेत भरणारी अशी सभा सापडावी कशी?

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु थोडा विचार करता त्यात एक अंगभूत विरोध असल्याचे ध्यानात येते. ह्या सभांना येणाऱ्या मनुष्याला आपले नाव बाहेर फुटू नये असे वाटते. नाव फुटण्याची भीती असेल तर तो येणारच नाही. उलटपक्षी, सभाच जर इतकी गुप्त राहिली की तिचा ठावठिकाणा कोणाला कळू नये, तर ज्याच्यासाठी ती भरते तो तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. संस्था झाकली पाहिजे आणि उघडीही राहिली पाहिजे, अशी ही अडचण आहे. परस्परसाहाय्याच्या चळवळी टिकल्या वा मोडल्या त्याचे एक मोठे कारण त्यांनी ह्या अडचणीतून काढलेल्या वाटेत शोधावे लागते, असे आमचे मत आहे.

ह्या प्रश्नाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी साहाय्याची गरज होती. आणि मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी प्रकारचा उपचार मिळाला होता. उपचार अस्तित्वात असणे आणि तो गरजवंताला सापडणे ह्यांतील अंतर केवढे आहे हे ह्यावरून दिसेल.

परिभाषेविषयी एक खुलासा करणे इष्ट होईल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ पासून 'मद्यसेवन-विकार' ही संज्ञा रूढ झाली असून तिच्यात सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या मानल्या जातात. जुन्या काळातील माणसे स्वतःला 'दारुडा' किंवा 'मद्यपी' म्हणत. येथे सोयीसाठी 'मद्यासक्त' हा शब्द वापरला आहे.

२

ह्या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील बॉल्टिमोर ह्या शहरी झाला. १८४० च्या एप्रिल महिन्यात तेथील चेस नावाच्या गुत्त्यात नित्य जमणाऱ्या सहा इसमांनी दारू सोडण्याची लेखी शपथ घेतली आणि आपल्या मंडळीस वॉशिंग्टनचे नाव दिले. ते शिंपी, सुतार, लोहार असे हातावर पोट असणारे कारागीर होते. त्या काळी संयमाचा उपदेश करणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या. परंतु त्यांचे लक्ष बहुशः जे अद्याप बिघडले नाहीत त्यांच्याकडे असे. जो पुरता दारूच्या आहारी गेला तो त्यांच्या दृष्टीने गेल्यातच जमा होता. वॉशिंग्टनवाद्यांनी हा क्रम उलटा केला. ते दर आठवड्यास जमत, प्रत्येक जण स्वतःच्या पतनाची व सुटकेची हकीकत सांगे आणि आपल्यासारखाच दुसरा कोणी तरी धरून आणण्याची जबाबदारी घेई. स्त्रियांसाठी १८४१ मध्ये मार्था वॉशिंग्टनच्या नावाने निराळी मंडळे निघाली.

ही मंडळी शोधून काढणे मुळीच कठीण नव्हते. त्यांच्या सभा भाड्याच्या मोठ्या दिवाणखान्यांत भरत आणि त्यांच्या पहिल्या वर्धापनदिनी बॉल्टिमोरच्या रस्त्यांतून हजारोंची मिरवणूक निघाली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे ह्याच मंडळापुढे अब्राहम लिंकन ह्यांचे व्याख्यान झाले. पत्ता उघड होता आणि नावही उघड होते. नव्हे, नाव हेच त्यांचे भांडवल होते. 'काल गटारात पडलेला अमुक इसम आज तुमच्यापुढे उभा आहे' ह्या दृश्याने श्रोते हेलावून जात.

पण ज्या गुणाने ही चळवळ वाढली त्यातच तिच्या विनाशाचे बीज होते. व्यासपीठावर नाव घेऊन उभा राहणारा मनुष्य पुन्हा घसरला तर त्याची घसरण खाजगी राहत नाही. जॉन गफ हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय वक्ता होता. १८४५ साली न्यूयॉर्कमध्ये तो पुन्हा दारूच्या अमलाखाली सापडला आणि वृत्तपत्रांनी त्या प्रकरणाचा गाजावाजा केला. गफ त्यातून सावरला. परंतु एका वक्त्याच्या घसरणीने सबंध चळवळीच्या पतीला धक्का बसू शकतो हे उघड झाले. त्यातच कायद्याने बंदी असावी की नाही ह्या वादात मंडळे ओढली गेली, कधीच दारू न प्यालेले लोक व राजकारणी त्यांत शिरले आणि परस्परसाहाय्याचे मूळ काम मागे पडले. १८४० चे दशक संपण्यापूर्वीच ही चळवळ बहुतेक ठिकाणी विराम पावली.

३

ह्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी घडलेला प्रसंग ह्या विषयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. विल्यम विल्सन हे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील एक गृहस्थ. डिसेंबर १९३४ मध्ये तेथील टाउन्स रुग्णालयात डॉ. विल्यम सिल्कवर्थ ह्यांच्या देखरेखीखाली त्यांची दारू सुटली. पुढे मे १९३५ मध्ये ते कंपनीच्या एका व्यवहारासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन ह्या परक्या गावी गेले. व्यवहार फसला. जवळ पैसे फारसे नव्हते, ओळखीचे कोणी नव्हते. मेफ्लॉवर हॉटेलच्या दर्शनी दालनात ते येरझारा घालीत होते. दालनाच्या एका बाजूस मद्यालय होते आणि तेथील हसण्याखिदळण्याचा आवाज त्यांच्या कानी येत होता. दुसऱ्या बाजूस टेलिफोन होता आणि भिंतीवर गावातील चर्चची यादी लावलेली होती.

विल्सन टेलिफोनकडे वळले. यादीतील वॉल्टर टंक्स नावाच्या धर्मोपदेशकास त्यांनी फोन केला आणि आपणास एखाद्या मद्यासक्त माणसाला भेटावयाचे आहे असे सांगितले. टंक्स ह्यांच्याकडून काही नावे मिळाली. त्या नावांपैकी एकामागून एकास फोन करता करता अखेरीस हेन्रिएटा सायबरलिंग ह्या बाईंचा पत्ता लागला. त्या फ्रँक बुकमन ह्यांच्या ऑक्सफर्ड गट नामक ख्रिस्ती चळवळीतील होत्या. डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यविशारद दारूपायी उद्ध्वस्त होत चालल्याचे त्यांना ठाऊक होते. १२ मे १९३५ रोजी बाईंच्या घरी दोघांची गाठ पडली. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबावयाचे नाही अशा बोलीवर स्मिथ आले होते. ते रात्री उशिरापर्यंत बसले. त्यांनी घेतलेल्या शेवटच्या प्याल्याचा दिवस १० जून १९३५ मानतात व तोच पुढे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' अर्थात ए.ए. ह्या संघटनेचा स्थापनादिन ठरला.

ह्या हकिकतीतील दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली अशी की, स्मिथ हे त्यापूर्वी सुमारे अडीच वर्षे ऑक्सफर्ड गटाच्या सभांना जात होते. म्हणजे सभा त्यांना सापडलेली होती. तरीही दारू सुटली नव्हती. त्यांना जे सापडले नव्हते ते त्यांच्यासारखेच माणूस होय. दुसरी अशी की, विल्सन यादीपासून माणसापर्यंत एका उडीत पोहोचले नाहीत. छापील यादी, तीतून एक धर्मोपदेशक, त्याच्याकडून काही नावे, त्यांतून एक बाई आणि त्या बाईंमुळे एक रोगी, अशा पाच पायऱ्या चढाव्या लागल्या. आणि प्रत्येक पायरीवर कोणी तरी 'थांबा, मी सांगतो' असे म्हणणारे भेटले म्हणून पुढची पायरी दिसली. परस्परसाहाय्य-सभेच्या शोधाचा सगळा पुढील इतिहास ह्या पाच पायऱ्या कमी करण्याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४

आरंभीच्या सभा घरांतून भरत. न्यूयॉर्कात विल्सन ह्यांच्या ब्रुकलिनमधील घरी मंगळवारी संध्याकाळी मंडळी जमे. अ‍ॅक्रनमध्येही एका सहानुभूतिदार कुटुंबाच्या घरी सभा होई. घरगुती सभेत जिव्हाळा असतो, पण तिचा पत्ता हा कोणा एका कुटुंबाचा पत्ता असतो. तो छापता येत नाही आणि ते घर गेले की सभाही निराधार होते. १९३९ साली गहाणापायी विल्सन दांपत्याला राहते घर सोडावे लागले तेव्हा ह्याचा प्रत्यय आला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कात चोविसाव्या रस्त्यावर मंडळाची स्वतंत्र जागा घेण्यात आली आणि अ‍ॅक्रनची सभा किंग स्कूल ह्या शाळेत हलली. घर सोडून शाळेत जाणे ही वरवर किरकोळ वाटणारी घटना वस्तुतः मोठी आहे. सभेचा पत्ता तेथून माणसाच्या नावापासून सुटा झाला.

एप्रिल १९३९ मध्ये संघटनेच्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या वेळी सभासद शंभरच्या आसपास होते. मे महिन्यात क्लीव्हलंड येथे त्या नावाने पहिली सभा भरली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात 'क्लीव्हलंड प्लेन डीलर' ह्या दैनिकात लेखमाला आली आणि मूठभर मंडळींवर चौकश्यांचा वर्षाव झाला. त्यांनी आलेल्या चौकश्या आपापसांत वाटून घेतल्या व प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या माणसास स्वतः जाऊन गाठावे असा परिपाठ ठेवला. नवख्याची एका जुन्या सभासदाशी गाठ घालून देण्याची पद्धती येथे पक्की झाली. १ मार्च १९४१ रोजी 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' ह्या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर ह्यांचा लेख आला. सुमारे दोन हजारांवर असलेली सभासदसंख्या त्या वर्षाअखेर आठ हजारांच्या घरात गेली.

ह्या काळात न्यूयॉर्कची एक पोस्ट पेटी, क्रमांक ६५८, हाच साऱ्या चळवळीचा जाहीर पत्ता होता. दूरदूरच्या गावांहून पत्रे येत. रूथ हॉक ह्या स्वतः मद्यासक्त नसलेल्या चिटणीस बाई त्यांना उत्तरे लिहीत. पत्र लिहिणाऱ्याच्या आसपास एखादा गट असेल तर त्याच्याकडे चौकशी पाठवली जाई. नसेल तर त्या बाजूस फिरतीवर जाणाऱ्या सभासदांच्या हाती अशा पत्रलेखकांची यादी दिली जाई. आणि दिवसा मालाच्या मागण्या नोंदवणारा फिरता विक्रेता संध्याकाळी त्या यादीतील घरे धुंडाळी. जेथे सभा नव्हती तेथे ती अशा रीतीने उभी राहिली. पुढे गटांच्या छापील सूच्या निघाल्या. त्यांत गावाचे नाव, स्थळ व वेळ असे. माणसाचा उल्लेख करणे भागच पडले तर पहिले नाव व आडनावाचे आद्याक्षर एवढेच येई. जहाजावर किंवा दूरच्या मुलुखात एकट्या पडलेल्या सभासदांचा पत्रव्यवहार टपालाने एकमेकांकडे फिरवून त्यालाच 'सभा' मानण्याची प्रथाही रूढ झाली.

नाव गुप्त ठेवण्याचे तत्त्व मात्र सुरुवातीस आजच्याइतके निश्चित नव्हते. १९४० मध्ये क्लीव्हलंडचा बेसबॉल खेळाडू रॉली हेम्सली ह्याने आपण ए.ए.चे सभासद असल्याचे वृत्तपत्रांतून जाहीर केले. त्याने चौकश्या वाढल्या, पण वॉशिंग्टनवाद्यांचा धोकाही पुन्हा डोकावू लागला. ह्या अनुभवांतून जे बारा संकेत निष्पन्न झाले ते एप्रिल १९४६ मध्ये संघटनेच्या मासिकात प्रसिद्ध झाले व जुलै १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकारले गेले. सभासदत्वाला दारू सोडण्याच्या इच्छेखेरीज दुसरी अट नसावी. बाहेरची देणगी घेऊ नये. सार्वजनिक वादांत मत देऊ नये. प्रचारापेक्षा आकर्षणावर भिस्त ठेवावी. वृत्तपत्रे, नभोवाणी व चित्रपट ह्यांच्या पातळीवर व्यक्तीचे नाव येऊ देऊ नये, असा त्यांचा मथितार्थ आहे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. हे संकेत सभासदाचे नाव झाकतात. सभेचे स्थळ झाकीत नाहीत. शिवाय सभांचेही दोन प्रकार झाले. एक केवळ मद्यासक्तांसाठीची बंद सभा आणि दुसरी कोणालाही येऊन बसता येईल अशी खुली सभा. ज्याला अजून स्वतःविषयी खात्री नाही, ज्याला नुसते पाहावयाचे आहे, किंवा जो कोणाचा भाऊ वा बायको आहे, त्याच्यासाठी हे दार अर्धे उघडे ठेवलेले होते. कुटुंबीयांसाठी तर १९५१ मध्ये अल्-अनॉन ही स्वतंत्र संघटनाच निघाली. नाव गुप्त व पत्ता उघड हे जे सूत्र वॉशिंग्टनवाद्यांना सापडले नव्हते, ते येथे सापडले.

५

हे सूत्र एकमेव आहे असे मात्र समजू नये. जपानमध्ये १९५० च्या दशकाअखेरीस मद्यत्याग्यांच्या ज्या मंडळ्या निघाल्या व ज्यांचा राष्ट्रव्यापी संघ १९६३ मध्ये झाला, त्यांनी ए.ए.पासून प्रेरणा घेऊनही गुप्ततेचे तत्त्व स्वीकारले नाही. तेथे सभासद आपल्या खऱ्या नावाने बोलतो आणि त्याची पत्नी शेजारी बसलेली असते. त्यानंतरच्याच वर्षी, १९६४ मध्ये, झाग्रेब येथे व्लादिमिर हुडोलिन ह्या मनोविकारतज्ज्ञांनी उपचार घेतलेल्यांचे मंडळ काढले. तेथेही सबंध कुटुंब हाच सभासदत्वाचा घटक धरला गेला. ह्या दोन्ही ठिकाणी सभेचा रस्ता बव्हंशी कुटुंबातून किंवा रुग्णालयातून जातो. एकट्याने चोरपावलांनी शोधावे लागत नाही, म्हणून नाव झाकण्याची निकडही तितकी भासत नाही. पण ज्याला कुटुंब उरले नाही, किंवा ज्याला कुटुंबालाच सांगण्याची लाज वाटते, त्याला हा रस्ता अवघड आहे. तात्पर्य, नाव किती झाकावे हा प्रश्न सभेपर्यंत नेणारा रस्ता कोणत्या प्रकारचा आहे ह्यावर अवलंबून असतो.

६

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे मद्यत्यागाचे तीन मार्ग पूर्वीपासून परिचित होते. पहिला मार्ग माळेचा. पंढरीच्या वाटेवर तुळशीची माळ गळ्यात घालून जो माळकरी झाला त्याला मद्यमांस वर्ज्य झाले. एकादशीचे भजन, वर्षाची वारी व दिंडीतील सोबत ही त्याची सभा. ह्यात गुप्ततेचा लवलेश नाही. माळ सर्वांना दिसावी म्हणूनच गळ्यात असते व गावची नजर हाच त्याचा पहारा असतो. दुसरा मार्ग चळवळीचा. १८८८ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या अँग्लो-इंडियन टेंपरन्स असोसिएशनने हिंदुस्थानात मद्यविरोधी प्रचार आरंभिला आणि १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. तिसरा मार्ग कायद्याचा; १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून १९९३ च्या गडचिरोली जिल्ह्यातील बंदीपर्यंत त्याची परंपरा येते.

ह्यांपैकी माळेचा मार्ग परस्परसाहाय्याच्या सर्वांत जवळचा आहे. पण त्यातही एक उणीव राहते. माळ घेणे ही प्रतिज्ञा आहे आणि प्रतिज्ञा मोडली तर माळ उतरवावी लागते, तीही सर्वांदेखत. पडलेल्याने पुन्हा त्याच मंडळीत जाऊन 'मी काल प्यालो' असे सांगावे व मंडळीने त्याला बसावयास जागा द्यावी, असे स्थान तीत सहजासहजी नाही. ए.ए.च्या सभेने नेमके हे स्थान निर्माण केले.

भारतातील ए.ए.चा आरंभ १९५७ साली धरतात. तो काळ विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा होता आणि परवान्यावाचून दारू बाळगणे व पिणे हा तेथे गुन्हा होता. अमेरिकेत 'मी मद्यासक्त आहे' असे म्हणणारा मनुष्य लाजिरवाणी गोष्ट कबूल करीत होता; मुंबईत ते म्हणणारा कायदेभंगही कबूल करीत होता. तेव्हा नाव न विचारण्याच्या संकेताला येथे प्रारंभापासूनच एक जादा अर्थ होता, असा तर्क करण्यास हरकत नसावी. पुढे बंदी सैल झाली व सभा वाढत गेल्या. त्या भरावयाच्या त्या चर्चच्या सभागृहांत आणि शाळांच्या वर्गांत. संध्याकाळी रिकामा पडणारा वर्ग हा अल्प खर्चात मिळणारा, सर्वांना ठाऊक असलेला आणि कोणाच्याही घराशी न जोडलेला पत्ता होय. अ‍ॅक्रनमधील शाळेने जे काम १९४० मध्ये केले तेच येथील शाळांनी केले. इंग्रजी ग्रंथांतून आलेली ही चळवळ यथावकाश मराठीत बोलू लागली. सभासद मात्र सभेला आजही 'मीटिंग' असेच म्हणतात.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात त्याचा आरंभ झाला व त्यास पु. ल. आणि सुनीता देशपांडे ह्यांचे आर्थिक पाठबळ लाभले. ह्या केंद्राने शोधाचा क्रमच बदलला. रुग्ण प्रथम केंद्रात येतो, तेथे आपल्यासारख्यांची ओळख होते आणि घरी परतल्यावर गावोगावच्या पाठपुरावा-सभांत तीच ओळख पुढे चालू राहते. पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. रुग्णालय, परस्परसाहाय्य व कुटुंब ह्या तीन निरनिराळ्या वाटा येथे एकत्र आल्या असे म्हणता येईल.

लहान गावातील अडचण मात्र ह्याने पुरती सुटलेली नाही, आणि तिचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. गावात कोण पितो हे कोणापासूनच लपलेले नसते. चावडीपासून पाणवठ्यापर्यंत ते सर्वांना ठाऊक असते. मग झाकावयाचे काय असते? झाकावयाचे असते ते त्याचे पिणे नव्हे, तर पिणे सोडण्याची त्याची इच्छा. पिण्याबद्दल त्याची चेष्टा झाली तर ती जुनीच आहे. पण सोडावयास निघाला आणि जमले नाही, तर होणारी चेष्टा नवी असते व ती त्याच्या उरल्यासुरल्या आशेवर घाव घालते. म्हणून तो आपल्या गावची सभा टाळून शेजारच्या तालुक्याची सभा शोधतो. गुप्ततेचा संकेत हा अपराध झाकण्यासाठी आहे असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तो एका कोवळ्या निश्चयाभोवती घातलेला आडोसा आहे.

७

पत्ता उघड असला की काम भागले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर देणारा एक लहानसा प्रयोग अमेरिकेत झाला व १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. सिसन व मॅलम्स ह्या संशोधकांनी वीस व्यक्तींचे दोन गट केले. पहिल्या गटास सभांची माहिती, स्थळ व वेळ सांगून जाण्याविषयी सुचवले. दुसऱ्या गटातील प्रत्येकाच्या समक्ष एका जुन्या सभासदाला फोन केला. त्या सभासदाने सोबत येण्याची व घेऊन जाण्याची तयारी दाखवली आणि सभेपूर्वी आठवणही दिली. पहिल्या गटातील दहांपैकी एकही जण सभेला गेला नाही. दुसऱ्यातील दहाही गेले. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे सिद्धान्त बांधू नयेत. पण मेफ्लॉवर हॉटेलातील त्या टेलिफोनची आठवण झाल्यावाचून राहत नाही. यादीने विल्सन ह्यांना वाट दाखवली; स्मिथ ह्यांच्यापर्यंत नेले ते माणसांनी.

सभेचा उपयोग होतो की नाही ह्याविषयी दीर्घकाळ वाद होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत २७ अभ्यासांचा व १०,५६५ व्यक्तींचा विचार करण्यात आला. ए.ए.शी सुव्यवस्थितपणे जोडून देणारे उपचार हे मद्यापासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांहून अधिक फलदायी ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे. येथेही 'जोडून देणे' हा शब्दच महत्त्वाचा. अर्थात सभा ही वैद्यकाची जागा घेऊ शकत नाही. दीर्घकाळ अतिपान करणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके, वात ह्यांसारखे प्राणावर बेतणारे विकार उद्भवू शकतात. विल्सन ह्यांनाही आधी रुग्णालयात जावे लागले होते.

त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली तेव्हा शाळा व चर्च बंद झाली आणि सभांचे पत्तेच नाहीसे झाले. अनेक गट संगणक व मोबाइलच्या पडद्यावर जमू लागले. गावाची अट सुटली. कोकणातल्या मनुष्याला मुंबईच्या सभेत बसता आले. परंतु जुना विरोध नव्या रूपात पुढे आला. सभेचा दुवा जाहीर करावा तर उपद्रवी लोक घुसतात, न करावा तर गरजवंताला तो सापडत नाही. शिवाय ज्याच्या घरात एकच खोली व एकच फोन आहे, त्याला घरच्यांसमोर बोलणे हे भर चौकात बोलण्यासारखेच. शाळेचा रिकामा वर्ग त्याला जे देत होता ते पडद्याने दिले नाही.

वरील विवेचनावरून असे दिसते की, वॉशिंग्टनवाद्यांनी नाव व पत्ता दोन्ही उघडे ठेवले आणि ते नावाच्या भाराखाली मोडले. आरंभीच्या घरगुती सभांनी दोन्ही झाकले आणि त्या थोडक्यांपुरत्या राहिल्या. नाव झाकून पत्ता उघडा ठेवणारी रचना मात्र सुमारे १८० देशांत पसरली. आणि जेथे ती खऱ्या अर्थाने काम करते तेथे पत्त्याच्या जोडीला दारापर्यंत सोबत करणारा एक मनुष्यही असतो.

शेवटी अभ्यासकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. ह्या संस्थांच्या इतिहासाची साधने मिळत नाहीत, कारण त्या सभासदांची नोंद ठेवीत नाहीत, अशी तक्रार केली जाते. ती अर्धीच खरी आहे. नावे नसली तरी सभांच्या याद्या आहेत. कोणत्या वाराला, कोणत्या शाळेत, कोणत्या भाषेत सभा भरे, कोणती सभा बंद पडली व कोणती नवी निघाली, हे त्या हस्तपत्रकांत व लहान पुस्तिकांत नोंदलेले आहे. नवी यादी आली की जुनी टाकून देण्याची रीत असल्याने ती साधने दरवर्षी नष्ट होत आहेत. महाराष्ट्रातील जिल्हाग्रंथालयांनी व विद्यापीठांनी ह्या याद्या जतन केल्या, तर आपल्या समाजातील एका फार मोठ्या व फार मुक्या वर्गाचा भूगोल पुढील पिढ्यांना वाचता येईल. त्यांत कोणाचेही नाव नाही, तेव्हा त्या जतन केल्याने कोणाचाही विश्वासघात होण्याचा संभव नाही.